चेंडू सुटला नाही

घड्याळात चार सेकंद उरले होते, म्हणजे एकच डाव. गावचा संघ चार गुणांनी मागे, आणि गोलरेषा अठरा यार्डांवर. तिथे चेंडू फेकला आणि आपल्या पोराने झेलला तर सहा गुण, म्हणजे जिंकलो. नाहीतर हंगाम इथेच खलास, आणि बारावीतल्या वेस्लीचा फुटबॉलही. फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, चेंडू हातात घेऊन पळायचा नाहीतर फेकायचा.

म्हातारा एमिल वोंड्रा साखळीची काठी धरून मैदानाच्या कडेला उभा होता. दहा यार्ड मोजायची ती साखळी तो बावीस वर्षं धरत आला होता. काठीवाल्याने कुणाची बाजू घ्यायची नाही, तोंड उघडायचं नाही, असा नियम. कोच रोलंड शिफर त्याच्यापासून दोन हातांवर. त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य एमिलच्या कानात पडत होतं.

सबंध दुपार शिफरने चेंडू मधल्या गर्दीतच घुसवला होता. डावीकडे चेंडू झेलणारा डॅरिन मोकळा पळायचा, हात वर करून करून बिचारा थकला, पण त्याच्याकडे एक चेंडू गेला असेल तर शपथ. मध्ये आघाडी मिळाली होती, तीही जपता जपता घालवली. आता चिलीच्या, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याच्या, गाड्यावरची माणसंसुद्धा दालचिनीचे पाव तसेच टाकून कुंपणाशी आली होती.

वेस्ली चेंडू फेकणारा, म्हणजे क्वार्टरबॅक. सतरा वर्षांचा पोरगा, पण हात असा की चाळीस यार्डांवरून बादलीत टाकील. सप्टेंबरात त्याने फेकलेला एक चेंडू समोरच्यांनी पळवला. एकच. शिफरने शिक्षा ठोकली: आठवडाभर चेंडू काखेत घेऊन हिंडायचं. वर्गात, जेवताना, कुठेही. वाटेल त्याने येऊन पाडावा, आणि पडला की एक दिवस वाढला. गावाला काय, आयती करमणूक मिळाली. न्हाव्याने पाडला, पोस्टातल्या बाईने पाडला. रविवारी चर्चमध्ये पोरगा प्रसादाच्या रांगेत, तरी चेंडू काखेत. गावच्या पॅनकेकच्या न्याहरीला एमिलनेही मागून जाऊन एकदा पाडला होता, आणि सगळ्यांबरोबर खदाखदा हसला होता. असं करता करता आठवड्याचे दोन महिने झाले.

शिफरने खेळ थांबवून वेस्लीला कडेला बोलावलं.

"डॅरिन कोपऱ्यात जाईल," तो म्हणाला. "अगदीच मोकळा असला तरच फेकायचा. जवळपास जरा कोणी दिसला, की पोटाशी धर आणि खाली बस. रोज काय सांगतो मी?"

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं नाही," वेस्ली म्हणाला. पाढा म्हणावा तसं.

एमिल मनातल्या मनात चरफडला. अरे गाढवा, हातात आहे काय आता! शेवटचा डाव. त्यांनी चेंडू पळवला तरी हरणार, आपण धरून बसलो तरी हरणार. फेकायला कवडीचा धोका नाही, आणि हा शहाणा जपायला सांगतोय. बावीस वर्षांत पहिल्यांदा एमिलने नियम मोडला.

"फेकू दे की पोराला, रोलंड."

"तू तुझी काठी सांभाळ," शिफर मान न वळवता म्हणाला.

डाव सुरू झाला. डॅरिन कोपऱ्यात पोचला, हात वर. त्याच्यामागचा पोरगा चार पावलं लांब. या खेळात चार पावलं म्हणजे अंगण मोकळं. वेस्लीने त्याला पाहिलं. त्याचा हात मागे गेला, कानापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग त्याने चेंडू खाली घेतला, पोटाशी दाबला, त्यावर दोन्ही हात गुंडाळले आणि गुडघे टेकून बसला. कुणी त्याला बोटही लावलं नव्हतं. भोंगा वाजला.

माणसं कुंपणापासून मागे फिरली. शिफरने मात्र टोपी नीट केली आणि रेडिओवाल्यापुढे उभा राहिला. सप्टेंबरपासून आमचा एकही चेंडू कुणाला पळवता आला नाही, पोरांना शिस्त लागली, मला अभिमान आहे, असं तो सांगत होता. अभिमान म्हणे. एमिल गवतावर थुंकला.

रीतीप्रमाणे दोन्ही संघ ओळीने हात मिळवत होते. वेस्ली डावा हात पुढे करत होता, कारण उजव्या काखेत चेंडू होता. समोरच्या संघातला एक धिप्पाड पोरगा चांगुलपणाने त्याला म्हणालाही, की संपलं रे, ठेव आता तो. वेस्लीने मान हलवली आणि पुढच्याशी हात मिळवला.

एमिलला ते बघवेना. त्याने काठी गवतात टाकून दिली आणि सरळ मैदानात शिरला. ओळ संपली तसा तो वेस्लीपाशी गेला आणि हात पुढे केला.

"दे इकडे, बाळा. मी धरतो."

वेस्लीने झटकन खांदा फिरवला. दोन पावलं मागे सरला आणि दुसरा हातही चेंडूवर घट्ट दाबला.

"आजोबा, नका ना," तो म्हणाला. "दोनच दिवस राहिलेत माझे."