तीन तासही नाहीत

डब्लिनहून पोलंडमधल्या क्राकूफला विमानानं तीन तासही लागत नाहीत. “अगं आई, हाकेच्या अंतरावर तर आहे मी! मनात आलं की निघालो,” असं म्हणत राडेकनं सहा नाताळ फोनवरच उरकले. वडिलांच्या दफनालाही त्याला रजा मिळाली नव्हती.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी एक ताट जास्तीचं मांडतात, वाटेनं जाणाऱ्या एखाद्या परक्यासाठी. “आई मात्र दोन मांडते, दुसरं तुझ्यासाठी,” हे बहीण त्याला दरवर्षी ऐकवायची.

यंदा तो कुणाला न कळवता दारात येऊन उभा राहिला. आई, बहीण आणि मेहुणा नुकतेच जेवायला बसले होते. टेबलावर रिकामं ताट एकच होतं.

“आई, हे माझंच ना गं?” त्यानं हसत विचारलं.

आईनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं. मग खुर्ची मागे ओढली आणि बीटचं गरम सार वाढायला घेतलं.

“राडेकचं ताट मी गेल्या वर्षीच फोडून टाकलं. हे परक्याचं आहे. बसा ना.”

तिनं साराची वाटी त्याच्या पुढ्यात ठेवली.

“फार लांबून आलात का?”