दोघांत एक चेंडू

"तीन झाले. आता सांग," इशबेल म्हणाली.

टॉर्किलने पटर, ती गोल्फची आखूड काठी, खांद्याला टेकवली. समोर सरावाच्या हिरवळीवर तीन पांढरे चेंडू पडले होते. प्रत्येकाच्या कंपनीच्या नावावर इशबेलने निळी शाई फासली होती आणि खाली खुणेचे ठिपके काढले होते. एक, दोन, तीन. कोणता ठिपका कोणत्या चेंडूचा, हे फक्त तिला माहीत होतं.

उद्या गोलस्पी गावच्या जोडीबरोबर अंतिम सामना होता. जोडीला चेंडू एकच. एक फटका नवऱ्याने मारायचा, पुढचा बायकोने. टॉर्किलला महागडा मऊ चेंडू हवा होता. इशबेललाही मनातून तोच हवा होता, पण टॉर्किलच्या बोलण्यावर तिचा भरवसा उरला नव्हता. म्हणून आज ही परीक्षा.

"पहिला दगड आहे," तो म्हणाला. "दुसरा बरा. तिसरा मात्र अहाहा. काठीला लागला की नुसता हातात विरघळतो. उद्या हाच."

इशबेल वाकली. तिसरा चेंडू उचलून तिने नीट पाहिला. तीन ठिपके. हा कडक होता. काटेरी झुडपांत सापडलेला, कोणाचा कोण जाणे.

मेंढ्यांना अडवायला लावलेली तार ओलांडून मैदानाची निगा राखणारा गन आत आला. त्याने दोघांकडे पाहिलं.

"चेंडू निवडताय की बारसं करताय?"

"तू तुझ्या मेंढ्या सांभाळ," टॉर्किल म्हणाला. गन हसत पाण्याच्या नळाकडे गेला.

इशबेल चेंडू हातात फिरवत राहिली. चाळीस वर्षं टॉर्किलने याच गावात काठ्या दुरुस्त केल्या. डोळे मिटून काठी हातात तोलायचा आणि दांडा किती जड ते सांगायचा. इन्व्हर्नेसहून लोक त्याचे हात बघायला यायचे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. चालणं परत आलं, बोलणं परत आलं. डाव्या हाताचंही सगळं ठीक आहे, असं तो सांगायचा.

"चुकलो ना?" टॉर्किलने विचारलं.

तिला खोटं बोलता आलं असतं. जीभ तशी वळलीही होती.

"हो," ती म्हणाली. "हा कडक आहे."

तो बाकावर जाऊन बसला. डावा हात मांडीवर उताणा ठेवून त्याकडे बघत राहिला.

"याला काहीच कळत नाही, इशबेल. हातमोजा घालून धरल्यासारखं वाटतं सगळं. मी आपला ठोकून देतो काहीतरी."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्या हिवाळ्यापासून. चहाचा कप आधी उजव्या हाताने चाचपून बघतोस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

खाली समुद्राला ओहोटी लागली होती आणि उत्तरेकडच्या उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजले तरी ऊन दुपारचंच वाटत होतं.

"मग अंतिम सामन्यापर्यंत आलो कसे आपण?" टॉर्किलने विचारलं. "मी मारत होतो तरी कशाच्या जोरावर?"

हा प्रश्न इशबेललाही पडला होता. गेले काही महिने ती त्याचा प्रत्येक फटका बघत आली होती.

"फटका मारलास की तू मान वाकडी करतोस," ती म्हणाली. "चेंडूकडे बघतही नाहीस. ऐकतोस. पूर्वी असं करत नव्हतास."

"काहीतरीच."

"डोळे मीट."

त्याने मिटले. तिने एक चेंडू मारला.

"हा कडक. टक् वाजला."

दुसरा मारला.

"मऊ. याचा आवाज पोटातून येतो." मग तिसरा वाजायच्या आत त्याने मान वाकडी केली, आणि स्वतःच्या लक्षात येऊन तो हसला. "हा मधला."

तिने अदलाबदल करून पुन्हा मारले. मग पुन्हा. नऊपैकी एकही तो चुकला नाही; मघाशी तो कानाऐवजी हातालाच विचारत बसला होता. एकदा तर तिने मुद्दाम एकच चेंडू दोनदा मारला, तेव्हा तो म्हणाला, "म्हाताऱ्याला फसवू नकोस."

"आता तू बस," टॉर्किल उठला. "मीट डोळे."

त्याने मारलं. इशबेलने कान दिला.

"मऊ?"

"कडक. हा?"

"हा मधला असेल."

"तोच होता गं, पुन्हा." तो इतका हसला की त्याला पटरवर भार द्यावा लागला. "कान आहेत की शोभेला लावलेत?"

"मी स्वतः मारला की हातांना बरोबर कळतं," इशबेल फणकाऱ्याने म्हणाली.

"मग मऊच घेऊ. तो तुझ्या हातात बसतो, मला ऐकू येतो."

"आणि उद्या वारा सुटला तर? काय ऐकशील?"

सदरलंडच्या किनाऱ्यावर वारा सुटणार नाही, असं कोण म्हणेल? गनने नळ सोडला आणि दूरच्या हिरवळीवर फवारा गरगरू लागला.

टॉर्किलने मऊ चेंडू तिच्या पायाशी ठेवला.

"तू मारलास की कसा लागला ते मला सांगत जा," तो म्हणाला. "सगळं. पुढचा मी त्यावरून मारीन."

इशबेलने पाय रोवले आणि मारला. चेंडू हिरवळीच्या उतारावरून वळत गेला. तो कुठे थांबतोय हे टॉर्किलने पाहिलं नाही. तो तिच्याकडे बघत उभा होता.

"किंचित काठीच्या टाचेकडे, दांड्याजवळ लागला," ती म्हणाली. "पण गोड होता."