पंगतीतला लाडू

ज्या वर्षी नात प्रियदर्शनीचं लग्न झालं, त्याच वर्षी, हळद लागायच्या आठ दिवस आधी, कुरुंद्याच्या सटवाजीला साखर निघाली. लग्नाच्या पंगतीत द्वारकाबाईनं नवऱ्याच्या पानात बुंदीचा लाडू पडू दिला नाही. पुढं घरातही गूळ आणि भात बंद झाला. अर्धी भाकर, अंबाडीची भाजी आणि रोज वाटीभर शेवग्याच्या पाल्याचं कढण, एवढंच राहिलं.

मग दुपारी डोळा लागला की तीच पंगत सटवाजीच्या स्वप्नात येऊ लागली. उठला की तो बायकोला सगळं सांगायचा.

"आज किती लाडू खाल्ले?"

"तीन."

"मग सांजची भाकर बंद. नुसतं कढण प्या."

"अगं, सपनातले व्हते ते!"

"चव लागली व्हती का न्हाई? मग झालं तर!"

आजही दुपारी पंगत बसली. मांडवात शिजल्या हळदीचा वास दरवळत होता आणि कोणालाच कसली घाई नव्हती. द्वारकाबाई स्वतः लाडवाची परात घेऊन वाढत आली. सगळ्यांना वाढलं आणि सटवाजीपाशी येऊन थांबली.

"इथं तरी एक वाढ की," तो काकुळतीनं म्हणाला.

"न्हाई. इथलं खाल्लं की इथंच राहावं लागतं. तुमी घरी जा अन् कढण करून प्या."

सटवाजी जागा झाला. अंगणातल्या शेवग्याचा पाला त्यानं ओरबाडला, लसूण ठेचला आणि आपल्या हातानं कढण उकळत ठेवलं.

द्वारकाबाई मागच्या माघात, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वारली.