घरकाम विभाग

अमेरिकेत, डाकोटातल्या एका जिल्ह्याच्या जत्रेत हुल्डा ब्रँडवोल्डचं चित्र याही वर्षी लोणच्याच्या बरण्यांशेजारीच टांगलं होतं. पुरुषांच्या चित्रांना वेगळा मंडप होता. बायकांची चित्रं ‘घरकाम’ विभागात मोडायची. शिकागोत तिची प्रदर्शनं भरली, तरी इथं तिची जागा बरण्यांपाशीच.

परीक्षक व्हिटकॉम लोणच्याच्या बरणीतली अख्खी काकडी चघळत आला. “अहो ब्रँडवोल्डबाई, परत तेच माळावरचं घर? आणि दार परत बंदच! एकदा उघडा की, बघू दे आत काय दडवलंय ते.”

हुल्डाच्या मस्तकात तिडीक गेली. “एवढी हौस असेल, तर तुम्हीच उघडा!” असं म्हणून ती तरातरा पाणी प्यायला निघून गेली.

परतली तेव्हा व्हिटकॉम कुठंच नव्हता. अर्धी खाल्लेली काकडी टेबलावर पडली होती. चित्रातल्या पायरीवर त्याची हॅट होती. ती हुल्डानं रंगवलेली नव्हती. तिनं बोट लावून पाहिलं, तर रंग ओला.

इतक्यात चित्रातलं दार आतून कुणीतरी ठोठावलं. आधी हळू, मग जिवाच्या आकांतानं.

“अगं बाई, हा कसला आवाज?” शेजारी बरण्या मांडणारीनं विचारलं.

हुल्डानं चित्र काढून काखोटीला मारलं.

“घरकामाचा,” ती म्हणाली.