माऊलीचं नाव घालायचं

सात वर्षांच्या माऊलीला धड चालता येत नव्हतं, बोलणंही अडखळत होतं. त्याची आई गिताबाई त्याला कडेवर घेऊन एसटीनं दौंडच्या डॉक्टरांकडं व्यायामाला न्यायची. एक दिवस तो भिंतीला धरून उभा राहिला, तशी ती त्याचं नाव घालायला गावच्या शाळेत गेली.

हेडगुरुजी म्हणाले, "साऱ्या गावात असं पोर हे एकच. एकासाठी शाळा कशी बदलायची? घरीच सांभाळा त्याला."

"एकच हाय व्हय?" एवढंच म्हणून गिताबाई उठली आणि वस्त्यावस्त्यांवर हिंडली. कुणी दार लोटून घेतलं, तर उंबऱ्यावरच बसून राहिली. "लाज कसली गं? पोर हाय आपलं, चोरीचा माल न्हाई," असं आतल्या आईला ऐकवत राहिली.

सोमवारी प्रार्थनेच्या वेळी शाळेच्या फाटकात गिताबाईच्या मागं आणखी तिघी उभ्या होत्या, प्रत्येकीच्या कडेवर एक मूल. गुरुजी तरातरा पुढं आले आणि शेवटच्या बाईपाशी थबकले.



"मामा, आपल्या प्रगतीचंबी नाव घाला," त्यांची सून नजर न झुकवता म्हणाली.