शेवटच्या कथेची घडी

बैरूतच्या युद्धात प्रकाशकाचं गोदाम जळालं आणि माझ्या नवऱ्यानं लिहिलेलं एकुलतं एक पुस्तकही संपलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक प्रत उरली. तीच स्कॅन होऊन इंटरनेटवर चढली. प्रकाशक मुनीर तिथं चारच पानं दाखवू देई. “खाला, सगळं फुकट मिळालं तर नवी आवृत्ती घेईल कोण?” “परदेशातल्या नातवंडांना आजोबा कधी भेटणार मग?” मी हटून बसले, तेव्हा त्यानं सगळं पुस्तक उघडलं. शेवटच्या कथेची मधली पानं नव्हतीच. “लबाडा, लपवलीसच ना?” “आईशप्पथ नाही!” दोघांनी ग्रंथालयात जाऊन प्रत पाहिली. आमच्या काळी छापलेल्या कागदाच्या घड्या न कापताच पुस्तकं विकत. वाचणारा चाकूनं कापत जाई. ती पानं अजून जोडलेलीच होती. तिथवर कुणी वाचलंच नव्हतं. ग्रंथपालाचा चाकू मी मुनीरच्या हातात ठेवला. घडी कापून तो मनातल्या मनात वाचू लागला. “मोठ्यानं वाच,” म्हटलं, “फुकटच.”