घेवड्याचा व्हिडिओ

लागोपाठ दोन पाळ्या करून नर्सबाई रात्री घरी आल्या, तेव्हा त्यांचे पाय बोलत होते. कित्येक आठवड्यांत त्यांना पोटभर झोप मिळाली नव्हती. पण लेकीने दारातच हात धरला आणि त्यांना आतल्या खोलीत ओढत नेलं.

खिडकीत बुटांच्या खोक्याला भोक पाडून तिने आईचा जुना फोन बसवला होता. समोर ग्लासात, ओल्या कापसावर, नुकतंच मोड आलेलं घेवड्याचं बी होतं. उजाडल्यापासून फोन दर मिनिटाला एक फोटो काढत होता. ते सगळे जोडून तिने व्हिडिओ केला होता.

"आई, कोंब कसा डुलतोय बघ!"

कोंब खरंच डुलत वर येत होता. त्याच्यामागे पलंगावर नर्सबाई झोपलेल्या दिसत होत्या.

"कशी मेल्यासारखी पडलेय," त्या हसल्या.

व्हिडिओत त्या उठल्या, केस बांधले आणि पर्स उचलून कामाला गेल्या.

व्हिडिओतल्या पलंगावर त्या अजून झोपलेल्याच होत्या.

"ही कोण गं?"

"तूच की! तू कामाला गेलीस की दिवसभर झोपूनच तर असतेस. मी आवाजसुद्धा करत नाही."

नर्सबाई मागच्या पलंगाकडे वळल्या. पांघरूण बाजूला पडलं होतं. त्यांनी गादीवर हात ठेवला. गादी उबदार होती.

स्वयंपाकघरातून नवऱ्याचा आवाज आला, "वा, आज काय टवटवीत दिसतेयस! झाली का मनासारखी झोप?"

"हो," तिथूनच नर्सबाईंच्या आवाजात उत्तर आलं, "आता कुठे जरा माणसात आल्यासारखं वाटतंय."